आहारतक्ता लिहून झाल्यानंतरचे शिक्षण

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोणत्या आजारात काय खावे आणि काय टाळावे, याविषयीचे लेखन आपल्या वृत्तपत्रातून नेमाने प्रसिद्ध होते आणि वाचकांना ते उपयोगीही पडते. मात्र असा सल्ला रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून देणारी माणसे कशी तयार होतात, याविषयी क्वचितच वाचायला मिळते. गेली बरीच वर्षे मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि प्रशिक्षणासाठी येणाऱ्या आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवण्याचे कामही माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून एकच मुद्दा मांडायचा आहे. रुग्णाला पहिल्यांदा कसे भेटायचे हे आपण विद्यार्थ्यांना मन लावून शिकवतो. दुसऱ्यांदा कसे भेटायचे हे जवळजवळ शिकवतच नाही. रुग्णाचे पोषण सुधारणार की खालावणार, हे मात्र बहुतेक वेळा त्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ठरते.

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या आठवड्यात असलेल्या एका विद्यार्थिनीने पोटाच्या शस्त्रक्रियेतून सावरत असलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा आहारतक्ता तयार केला होता. वजन ५८ किलो. किलोमागे ३० किलोकॅलरी धरून १७४० किलोकॅलरी आणि किलोमागे १.२ ग्रॅम धरून सुमारे ७० ग्रॅम प्रथिने. हिशेब चोख होता, दिवसभराच्या सहा वेळांत केलेली विभागणी नेटकी होती. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत तिने लिहिले, ‘आहार तोच चालू ठेवावा.’ दुपारी जेवणाचे ट्रे परत गोळा करतात त्या वेळी मी तिला वॉर्डात बोलावले आणि त्या गृहस्थांच्या ट्रेवरचे झाकण उचलायला सांगितले. पातळ पदार्थाची वाटी तेवढी रिकामी होती, बाकी सारे वाढले होते तसेच. ‘आजोबा, जेवण आवडलं नाही का?’ असे तिने विचारल्यावर ते ‘जेवलो की’ म्हणाले आणि मग, जरा ओशाळून, त्यांनी उशाशेजारच्या डबीकडे बोट दाखवले. डबीत त्यांची कवळी होती. आजारपणात वजन उतरल्यामुळे ती सैल झाली होती, चावताना हिरडीला टोचत होती, म्हणून त्यांनी ती काढूनच ठेवली होती. सिस्टरांनी विचारले की ‘जेवलो’ म्हणायचे आणि ट्रे झाकून ठेवायचा, असे चार दिवस चालले होते.

पोटात खरोखर किती गेले याचा हिशेब त्या मुलीने त्याच संध्याकाळी मांडला, तेव्हा तो दिवसाला ५०० किलोकॅलरींच्या आतच राहिला. यात तिला दोष देण्यात अर्थ नाही. महाविद्यालयात तिला गुण मिळाले होते ते १७४० हा आकडा काढण्याचे. ट्रेवरचे झाकण उचलायला तिला कोणी सांगितलेच नव्हते.

ही उणीव नवी नाही आणि कोणा एका रुग्णालयाचीही नाही. रुग्णालयात दाखल असतानाच माणसे कुपोषित होतात, याकडे चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरांनी १९७४ साली एका गाजलेल्या लेखातून लक्ष वेधले होते. त्यांनी दाखवलेल्या चुका आजही ओळखीच्या वाटतात: उंची-वजनाची नोंद नसणे, रुग्ण किती खातो हे कोणीच न पाहणे, तपासण्यांसाठी पुन्हा पुन्हा उपाशी ठेवणे, ग्लुकोज-सलाईनवर दिवसचे दिवस काढणे, कर्मचाऱ्यांची सतत अदलाबदल आणि त्यामुळे जबाबदारी नेमकी कोणाची याचा पत्ता नसणे. यातली एकही चूक जीवनसत्त्वांची कोष्टके पाठ नसल्यामुळे होत नाही. तरीही आपले शिक्षण मुख्यतः कोष्टकांभोवतीच फिरते.

वास्तविक या कामाची पद्धत कागदावर कधीच ठरलेली आहे. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ साली पोषण-शुश्रूषेची चार पायऱ्यांची पद्धत स्वीकारली आणि पुढे ती अनेक देशांतल्या अभ्यासक्रमांत आली: आधी रुग्णाच्या पोषणस्थितीचे मूल्यमापन, मग पोषणविषयक निदान, त्यानंतर उपाययोजना आणि शेवटी देखरेख. निदान एका वाक्यात लिहायचे आणि त्या वाक्यात अडचण, तिचे कारण आणि तिचा पुरावा अशा तिन्ही गोष्टी यायला हव्यात, अशी अपेक्षा असते. वर सांगितलेल्या गृहस्थांचे निदान ‘कवळी सैल झाल्याने चावता येत नाही, त्यामुळे तोंडावाटे आहार अपुरा; चार दिवस गरजेच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहार पोटात’ असे होईल. विद्यार्थी मात्र या जागी ‘अशक्तपणा’ लिहितात, नाहीतर डॉक्टरांनी केलेले आजाराचे निदानच उतरवून काढतात. अडचण आणि कारण वेगळे काढता आले नाही, तर उपाय कारणावर बसत नाही. त्या गृहस्थांना वाढीव कॅलरींचा नव्हे, तर मऊ आहार आणि दंतवैद्याची भेट यांचा उपयोग होता.

चौथी पायरी, म्हणजे देखरेख, का गळते, याचे कारण प्रशिक्षणाच्या रचनेत आहे. विद्यार्थ्याला एक आठवडा हृदयविकाराचा वॉर्ड, एक आठवडा मूत्रपिंडाचा, एक आठवडा मधुमेहाचा असे फिरवले जाते. सोमवारी तो रुग्ण निवडतो, मंगळवारी माहिती घेतो, बुधवारी तक्ता लिहितो, शुक्रवारी सादरीकरण करतो आणि पुढच्या सोमवारी त्याचा वॉर्ड बदलतो. त्याने लिहिलेल्या तक्त्याचे पुढे काय झाले, हे त्याला कधीच कळत नाही. स्वयंपाक करायचा पण चव घ्यायची नाही, असा हा प्रकार आहे. महिनाअखेर त्याच्या फाइलीत २५-३० रुग्ण जमतात आणि ती फाइल जाड दिसली की आपल्यालाही समाधान वाटते.

नळीवाटे आहार घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत तर कागद आणि पोट यांतले अंतर मिलिलिटरमध्ये मोजता येते. ताशी ७५ मिलिलिटर या वेगाने दिवसभर फीड, म्हणजे नळीतून सोडायचा पातळ आहार, चालवायचे ठरवले की कागदावर १८०० मिलिलिटर होतात. प्रत्यक्षात सकाळी स्कॅनसाठी न्यायचे म्हणून फीड थांबते आणि परत आल्यावर सुरू करायचे राहून जाते. अंग पुसताना खाटेची डोकेबाजू खाली करावी लागते म्हणून थांबते. दुपारी एखादी प्रक्रिया ठरलेली असते म्हणून रुग्णाला उपाशी ठेवतात, संध्याकाळी ती उद्यावर जाते, पण फीड पुन्हा लावा हे सांगायला कोणी येत नाही. मी विद्यार्थ्यांना सिस्टरांनी भरलेला तासातासाचा तक्ता घेऊन नुसती बेरीज करायला लावते. शाळकरी मुलाला जमेल अशी ही बेरीज १८०० ऐवजी ११०० च्या आसपास येते, तेव्हा चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही व्याख्यानाने उमटत नाही. मग पुढचे प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारू लागतात. ताशी वेग ठरवून देण्याऐवजी दिवसाचे एकूण माप ठरवून, बुडालेले तास उरलेल्या तासांत ठरावीक मर्यादेपर्यंत भरून काढायची मुभा सिस्टरांना दिली तर? पोटात १५०-२०० मिलिलिटर फीड शिल्लक दिसले म्हणून लगेच बंद करण्याची जुनी सवय कितपत योग्य? २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी अतिदक्षता विभागात हे शिल्लक माप नेहमीच्या देखरेखीसाठी वापरू नये असे सांगितले आहे, आणि जेथे ते मोजले जाते तेथेही असह्यतेची दुसरी लक्षणे नसताना ५०० मिलिलिटरच्या आतील मापासाठी फीड थांबवू नये असे म्हटले आहे. हे वाक्य वर्गात वाचून विसरले जाते. तक्त्यावर ‘शिल्लक १८०, फीड बंद’ अशी नोंद दिसल्यावर वाचले तर लक्षात राहते.

अतिदक्षता विभागातलेच आणखी एक उदाहरण. रुग्णाला गुंगीत ठेवण्यासाठी वापरले जाणारे प्रोपोफॉल हे औषध १० टक्के स्निग्धांशाच्या मिश्रणातून देतात आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमधून १.१ किलोकॅलरी मिळतात. ताशी १५ मिलिलिटर चालू असेल, तर दिवसाला जवळपास ४०० किलोकॅलरी केवळ औषधातून जातात. हुशार विद्यार्थी पहिल्या दिवशी हे हेरतो आणि तेवढे फीड कमी करतो. त्याबद्दल त्याला शाबासकीही मिळते. दोन दिवसांनी औषध बंद होते आणि त्या ४०० किलोकॅलरी गुपचूप नाहीशा होतात. तेव्हा फीड परत वाढवायला तो वॉर्डात असतो का? प्रथिनांचा प्रश्न तर याहून अवघड, कारण फीड कमी केले की प्रथिनेही कमी होतात आणि औषधातून त्यांचा एक ग्रॅमही मिळत नाही.

देखरेख नसेल तर रुग्ण उपाशी राहतो एवढेच नुकसान होते, असे कोणाला वाटेल. पण प्रसंगी बरोबर हिशेबाने दिलेला आहारच जिवावर बेततो. बरेच दिवस उपाशी असलेले शरीर चरबीवर चालत असते. त्याला एकदम भरपूर कर्बोदके मिळाली की इन्सुलिन वाढते, पेशी रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भराभर आत ओढून घेतात, आणि रक्तातले त्यांचे प्रमाण इतके खाली येऊ शकते की हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. थायमिनचा (ब-१ जीवनसत्त्वाचा) साठा आधीच संपत आलेला असतो, तोही याच वेळी खर्ची पडतो. या विकाराला ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपासमारग्रस्त कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिले होते. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००६ साली दिलेल्या सूचनांनुसार असा धोका जास्त असलेल्या रुग्णाला किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त १० किलोकॅलरींपासून सुरुवात करावी, ४ ते ७ दिवसांत सावकाश पूर्ण गरजेपर्यंत न्यावे आणि आहार सुरू करण्याच्या आधीपासूनच थायमिन द्यावे.

माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याने ४२ किलो वजनाच्या आणि १२ दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या रुग्णासाठी पहिल्याच दिवशी १२६० किलोकॅलरींचे फीड लिहिले होते. किलोमागे ३० प्रमाणे गुणाकार अचूक होता. सुरुवात व्हायला हवी होती ४२० पासून. फीड लागण्याआधी केसपेपर माझ्या हाती आला म्हणून ती नोंद बदलता आली. त्या विद्यार्थ्याला या विकाराची व्याख्या तोंडपाठ होती, हे विशेष. आदल्या वर्षी त्याने त्यावर टिपण लिहिले होते. समोरच्या खाटेवरचा माणूस त्याच टिपणातला आहे, एवढे मात्र त्याला ओळखता आले नाही. त्यानंतर मी त्याला पाच दिवस दुसरे कोणतेच काम दिले नाही. रोज सकाळी रक्ताचे अहवाल पाहायचे, फॉस्फेट कालच्यापेक्षा किती उतरले ते लिहायचे, डॉक्टरांशी बोलून आज कॅलरी वाढवायच्या की थांबायचे ते ठरवायचे. तिसऱ्या दिवशी फॉस्फेट खरोखरच घसरले, डॉक्टरांनी ते शिरेवाटे दिले, फीडचे प्रमाण होते तेवढेच ठेवले आणि मग पुढे वाढवले. त्या पाच दिवसांत तो जेवढे शिकला, तेवढे तीस तक्त्यांत शिकला नसता.

दुसरी भेट न शिकवल्यामुळे आकडे वाचण्याची समजही कच्ची राहते. रुग्णाचे वजन चार दिवसांत दोन किलोंनी वाढले म्हणून आनंदून आलेल्या विद्यार्थिनीला मी रुग्णाच्या घोट्याजवळ अंगठा दाबायला सांगितले. खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही. अंगावर साचलेल्या एका लिटर पाण्याने वजन एका किलोने वाढते, स्नायू एक ग्रॅमनेही नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचेही तेच. ते कमी दिसले की ‘प्रथिने वाढवा’ असे लिहिण्याची सवय अजून मोडलेली नाही. वास्तविक अल्ब्युमिनचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे नाहीसे व्हायला लागणारा काळ, सुमारे २० दिवसांचे आणि जंतुसंसर्गात वा शस्त्रक्रियेनंतर ते दाहामुळेच खाली येते. २०१९ साली मांडलेल्या कुपोषणाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत म्हणूनच त्याला जागा नाही. तेथे वजनातली घट, कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) आणि घटलेले स्नायू यांपैकी किमान एक लक्षण, तसेच अपुरा आहार किंवा दाह यांपैकी किमान एक कारण, असे दोन्ही बाजूंनी पाहायला सांगितले आहे. स्नायू पाहायचे म्हणजे कानशिलाजवळ, गळपट्टीच्या हाडाभोवती, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधल्या जागेत हात लावून पाहायचे. रुग्णाला हात लावायला आपले विद्यार्थी कचरतात, कारण ‘आहारतज्ज्ञाने फक्त विचारायचे’ असा समज त्यांच्या मनात घट्ट बसलेला असतो.

घरी जाणाऱ्या रुग्णाला आहार समजावून सांगण्याविषयी थोडक्यातच लिहिते. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर उद्या सकाळी काय कराल, ते मला सांगा’ असे विचारावे, म्हणजे काय पोचले आणि काय नाही हे दोन मिनिटांत उघड होते.

आता परीक्षेविषयी, कारण जे परीक्षेत नाही ते विद्यार्थी शिकणार नाहीत आणि त्यात त्यांची चूकही नाही. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० साली कौशल्याच्या चार पातळ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणे. आपली लेखी परीक्षा पहिल्या दोन पातळ्यांवर थांबते. १९७५ साली रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमध्ये मांडलेली, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नेमून दिलेली कामे करून दाखवण्याची परीक्षा तिसऱ्या पातळीपर्यंत पोचते आणि ती काही अभ्यासक्रमांनी स्वीकारली आहे, हे स्वागतार्ह आहे. मात्र तेथेही रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती विद्यार्थ्याला दहा मिनिटे, एकदाच भेटते. मला वाटते, त्याच व्यक्तीला दुसऱ्या टेबलावर ‘तीन दिवसांनंतरची’ म्हणून पुन्हा बसवावे. हाती नवे अहवाल द्यावेत, ‘मला ते पेय प्यायलं की मळमळतं’ असे तिने म्हणावे, आणि विद्यार्थी स्वतःचाच आधीचा बेत मोडायला तयार होतो का ते पाहावे. स्वतःचा तक्ता खोडणे नवशिक्यांना फार जड जाते. थोडे खरे सांगायचे तर मलाही जाते.

प्रशिक्षणाचे तास वाढवावेत, ही सूचना अशा चर्चांत नेहमीच येते. आहारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पदवीसोबत देखरेखीखालच्या किमान ५०० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. अमेरिकेत किमान १००० तास मागितले जातात. तास हवेत, यात वाद नाही. पण १००० तास रोज नव्या रुग्णाचा पहिला तक्ता लिहिण्यात गेले, तर तो एकच तास हजार वेळा घेतल्यासारखे होईल. मी माझ्यापुरता बदल असा केला आहे की, प्रत्येक विद्यार्थ्याला महिन्याला आठच रुग्ण द्यायचे, पण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत ते त्याचेच. वॉर्ड बदलला तरी रुग्ण बदलत नाही. दिवसातून एकदा तरी ट्रे परत येण्याच्या वेळी त्याने तेथे हजर राहायचे. पहिल्या नोंदीला मी निम्मेच गुण देते; उरलेले निम्मे पुढच्या नोंदींना, आणि त्यांत ‘आहार तोच चालू ठेवावा’ या वाक्याला शून्य, जर त्यापुढे का ते लिहिले नसेल तर.

यावर सहकाऱ्यांचा आक्षेप असतो की, शिकवणाऱ्याला एवढा वेळ कोठून मिळणार? आक्षेप रास्त आहे. एकट्या आहारतज्ज्ञावर शंभर-दीडशे खाटांचा भार असेल, तर विद्यार्थ्याच्या प्रत्येक नोंदीशेजारी उभे राहणे अशक्यच होते, आणि अशा ठिकाणी विद्यार्थी पाठवणाऱ्या महाविद्यालयांनी आपला एक शिक्षक वॉर्डात बसवायला हवा. वर्गात शिकवणारे आणि वॉर्डात शिकवणारे यांची वर्षातून एकदा, तीही प्रमाणपत्रांवर सह्या करण्यापुरती गाठ पडते, ही गोष्ट मला नेहमी खटकते. मात्र आठ रुग्ण नीट पाहिलेला विद्यार्थी दुसऱ्या महिन्यापासून माझा भार हलका करू लागतो, हेही नमूद केले पाहिजे. फीड कोठे थांबले आहे हे मला आता राउंडला जाण्याआधीच कळते, कारण कोणीतरी बेरीज करून ठेवलेली असते.

ते कवळीवाले आजोबा दहाव्या दिवशी घरी गेले. दंतवैद्यांनी कवळीला आतून अस्तर लावून दिले, तोवर मऊ आहारावर भागवले. विद्यार्थिनीची त्यांच्याबद्दलची तिसऱ्या दिवसाची नोंद माझ्यापाशी आहे: ‘दुपारचा ट्रे पाहिला. पाऊण भाग संपलेला. रात्रीचा संपत नाही, कारण दिवे लवकर बंद होतात आणि त्यांना खायला वेळ लागतो. रात्रीचे जेवण अर्धा तास आधी देण्याविषयी सिस्टरांशी बोलले आहे. उद्या पुन्हा पाहणार.’

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ